दुष्ट भावाच्या बंदुका येतात कुठून?

जुने इंग्रजी साहसपट पाहिलेल्या कुणालाही हा प्रश्न कधी ना कधी पडलेला असतो. डोंगरापलीकडे किंवा जंगलात एक छोटे राज्य असते. राजा सज्जन, पण त्याचा भाऊ गादीवर डोळा ठेवून बसलेला. एके रात्री भाऊ भावाला मारतो आणि लहान राजपुत्र जीव मुठीत धरून पळतो. मग वाड्याच्या तळघरातून एकामागून एक पेट्या निघतात आणि त्यांत गवतात गुंडाळलेल्या नव्या कोऱ्या बंदुका असतात. जिथे बैलगाडीची वाटही नाही तिथे हा माल आला कसा? ही नुसती पटकथाकाराची सोय, की असे खरेच घडत होते?

घडत होते. भावांची वैरे खरी होती आणि बंदुकांचा चोरटा व्यापारही खरा होता. चित्रपटांनी मात्र या गोष्टीचा अर्धाच भाग दाखवला. उरलेला अर्धा समजून घ्यायला एक विशिष्ट चित्रपट हाताशी धरणे सोपे जाईल. त्याचे नाव ‘द ड्रम’.

१. पडद्यावरची गोष्ट

‘द ड्रम’ १९३८ साली आला. निर्माता अलेक्झांडर कोर्डा, दिग्दर्शक त्याचा धाकटा भाऊ झोल्टन कोर्डा, आणि नेपथ्य विन्सेंट या तिसऱ्या भावाचे. हे तिघे हंगेरीचे. कथा ए. ई. डब्ल्यू. मेसन या इंग्रज कादंबरीकाराची. टेक्निकलरमधला रंगीत चित्रपट ही तेव्हा नवलाई होती, त्यामुळे लाल डगले, बर्फाची शिखरे आणि निळे आकाश पाहायला लोक गर्दी करत.

गोष्ट वायव्य सरहद्दीवरच्या टोकोट नावाच्या काल्पनिक संस्थानाची आहे. सरहद्दीवर चोरट्या बंदुका येत असल्याचा सुगावा लागतो आणि कॅप्टन कॅरुथर्स हा इंग्रज अधिकारी वेषांतर करून त्यांचा माग काढतो. टोकोटचा राजा इंग्रजांशी तह करतो. राजाचा भाऊ गुल त्याचा खून करून गादी बळकावतो. राजपुत्र अझीम पेशावरला पळतो. तिथे पलटणीतल्या ढोल वाजवणाऱ्या एका इंग्रज पोराशी त्याची दोस्ती होते आणि तो धोक्याच्या इशाऱ्याचा ठेका शिकतो. शेवटी गुल इंग्रजांना मेजवानीला बोलावतो. पाहुण्यांवर रोखलेल्या मशीनगन लपवून ठेवलेल्या असतात. अझीम ढोलावर तो ठेका वाजवतो, इंग्रज सावध होतात, गुल मरतो आणि अझीम गादीवर बसतो.

अझीमचे काम केले साबूने. म्हैसूरकडच्या करापूरच्या माहुताचा हा मुलगा ‘एलिफंट बॉय’मुळे आदल्याच वर्षी जगाला माहीत झाला होता. बाहेरची बरीच दृश्ये चित्राळमध्ये जाऊन टिपली होती, काही डोंगर मात्र इंग्लंडशेजारच्या वेल्समधले आहेत.

चित्राळ हे नाव लक्षात ठेवायला हवे, कारण टोकोटची गोष्ट तिथे खरोखर घडून गेली होती.

२. खरे टोकोट

हिंदुकुशच्या कुशीतले चित्राळ हे लहानसे संस्थान. तिथल्या राजाला मेहतर म्हणत. अमान-उल-मुल्क हा मेहतर १८९२ मध्ये वारला. त्याला अनेक बायकांपासून झालेले बरेच मुलगे होते, आणि गादी थोरल्यालाच मिळावी असा पक्का नियम नव्हता. ज्याच्या हाती किल्ला, खजिना आणि बंदुका, तो मेहतर. असा नियम असला की प्रत्येक भाऊ दुसऱ्याला घाबरतो. भाऊ महत्त्वाकांक्षी नसला तरी त्याला वार आधी करावासा वाटतो, कारण वाट पाहत बसला तर दुसरा करणार हे त्याला ठाऊक असते. चित्रपटातला गुल जन्मतःच कपटी दाखवला आहे. चित्राळमध्ये एवढ्या कपटाची गरज नव्हती. वारशाचा ढिला कायदाच माणसांना त्या वाटेने ढकलत होता.

बाप मेला तेव्हा अफझल हा मुलगा किल्ल्याजवळ होता. त्याने किल्ला घेतला आणि हाती लागलेल्या सावत्र भावांना मारले. निजाम हा दुसरा भाऊ गिलगिटला इंग्रजांच्या आश्रयाला पळाला. काही महिन्यांत त्यांचा चुलता शेर अफझल अफगाणिस्तानातून आला आणि त्याने अफझलला संपवले. मग इंग्रजांच्या पाठबळावर निजाम परतला व मेहतर झाला. १८९५ च्या पहिल्याच दिवशी तो ससाणे घेऊन शिकारीला गेला असताना धाकटा सावत्र भाऊ अमीर याच्या माणसाने त्याला गोळी घातली. दक्षिणेकडून जंदोलचा उमरा खान फौज घेऊन आला, शेर अफझलही परतला. गिलगिटहून धावत आलेला इंग्रज प्रतिनिधी रॉबर्टसन याने अमीरला अटकेत ठेवले आणि शुजा-उल-मुल्क या पोरसवदा भावाला मेहतर जाहीर केले. मार्चच्या सुरुवातीला सगळे किल्ल्यात कोंडले गेले.

वेढा दीड महिन्याहून जास्त चालला. आत काश्मीर संस्थानचे शिपाई, थोडे शीख, नोकरचाकर धरून सुमारे साडेपाचशे माणसे होती. किल्ल्याच्या एका बुरुजापासून थोड्याच अंतरावर एक बागबंगली होती आणि ती वेढा घालणाऱ्यांच्या ताब्यात होती. तिथून रोज रात्री ढोल आणि सनईसारख्या वाद्यांचा कल्लोळ सुरू होई. आतल्यांना आधी वाटले की हे आपल्याला डिवचायला चालले आहे. मग एका रात्री पहारेकऱ्यांच्या कानी जमिनीखालून कुदळीचे ठोके आले. बंगलीतून बुरुजाखाली भुयार खणले जात होते आणि खणण्याचा आवाज लपवण्यासाठी ढोल बडवले जात होते. १७ एप्रिलला हार्ली नावाचा लेफ्टनंट शंभर शिपाई घेऊन बंगलीवर तुटून पडला आणि त्यांनी ते भुयार सुरुंगाने उडवले. तोवर ते बुरुजाच्या अगदी जवळ पोहोचले होते.

चित्रपटातला ढोल किल्ल्यातल्यांना वाचवतो, इतिहासातला ढोल त्यांना गाडण्यासाठी वाजत होता. मला या सगळ्या प्रकरणात हा तपशील सर्वांत बोलका वाटतो. डोंगरातले लोक अडाणी, चिडखोर आणि नुसते शूर असतात अशी चित्रपटाची धारणा आहे. ज्यांनी नेम धरून वेढा आवळला, आवाज झाकून भुयार खणले, ते तसे नव्हते.

कर्नल केली याने गिलगिटहून सुमारे चारशे शीख पायोनिअर आणि दोन डोंगरी तोफा घेऊन बर्फाने भरलेली शंदूर खिंड ओलांडली. खेचरे बर्फात रुतू लागली तेव्हा शिपायांनी तोफा हातांनी वाहून नेल्या. २० एप्रिलला वेढा उठला. शुजा-उल-मुल्क मेहतर झाला आणि १९३६ पर्यंत राहिला. कोर्डांची माणसे कॅमेरे घेऊन चित्राळला पोहोचली तेव्हा त्याचा मुलगा गादीवर होता.

मराठी वाचकाला हे ऐकताना नारायणराव पेशव्यांचा १७७३ मधला खून, राघोबादादांनी मुंबईकर इंग्रजांशी १७७५ मध्ये केलेला सुरतेचा तह आणि पाळण्यातले सवाई माधवराव आठवले तर नवल नाही. घर फुटले की बाहेरच्याला आत यायला दार मिळते. फरक इतकाच की पुण्यात बारभाईंनी मुलाचा पक्ष धरला आणि इंग्रजांनी चुलत्याचा. चित्राळमध्ये मुलाचा पक्ष इंग्रजांनीच धरला. बाजू बदलली तरी हाती लागणारी गोष्ट एकच होती, गादीवरची पकड.

३. ठासणीची बंदूक आणि काडतुसाची बंदूक

आता बंदुकांकडे वळू. डोंगरात बंदुका काही नव्या नव्हत्या. तोड्याच्या आणि ठासणीच्या बंदुका तिथे पिढ्यान् पिढ्या होत्या. मग एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सरकारला अचानक एवढी धास्ती का वाटू लागली?

ठासणीची बंदूक नळीच्या तोंडातून भरतात. लोणच्याची बरणी भरावी तशी: आधी दारू, मग बोळा, मग गोळी, आणि प्रत्येक थर गजाने दाबायचा. क्रम चुकला की सगळे वाया. हे करायला उभे राहावे लागते किंवा निदान गुडघ्यावर यावे लागते, म्हणजे डोके शत्रूला दिसते. पाऊस आला तर दारू भिजते.

१८६६ च्या सुमाराला ब्रिटिश सैन्यात स्नायडर आली, १८७१ मध्ये मार्टिनी-हेन्री. या बंदुका मागच्या बाजूने, चापाजवळ उघडतात. दारू आणि गोळी एकाच पितळी काडतुसात बंद. खटका दाबा, काडतूस सरकवा, झाडा. हे झोपून, दगडाआड राहूनही करता येते. १८८८ मध्ये ली-मेटफर्ड आली. तिच्यात एका वेळी अनेक काडतुसे भरून ठेवता येत. पुढे बिनधुराची दारू आली आणि गोळी कुठून सुटली तेही दिसेनासे झाले.

एक हिशेब करून पाहू. खिंडीवर ५० माणसे दबा धरून आहेत. खालून येणाऱ्या तुकडीला त्यांच्या माऱ्यातून बाहेर पडायला दोन मिनिटे लागतात. ठासणीच्या बंदुकीने सराईत माणूस मिनिटाला दोन बार काढतो असे धरा. ५० गुणिले २ गुणिले २, म्हणजे २०० गोळ्या. मार्टिनीने मिनिटाला दहा बार धरले तर ५० गुणिले १० गुणिले २, म्हणजे १,००० गोळ्या. माणसे तीच, खिंड तीच, दोन मिनिटेही तीच, पण मारा पाचपट. शिवाय गोळी दूरवर जाते आणि नेम अधिक अचूक लागतो. साम्राज्याची फौज लहान असूनही जिंकत आली ती बऱ्याच अंशी याच फरकावर. तोच फरक समोरच्याच्या हाती गेला तर पाच हजारांची पलटणही पुरणार नाही, हे पेशावरमधल्या अधिकाऱ्यांना चांगलेच कळत होते. १८९७ च्या तिराह मोहिमेत आफ्रिदी या सरहद्दीवरच्या पठाण जमातीच्या हाती मार्टिनी आणि थोड्या ली-मेटफर्डही दिसल्या, तेव्हा ही भीती खरी ठरली.

४. मस्कतहून निघालेला माल

आफ्रिदींकडे ही हत्यारे आली कुठून? वाटा तीन होत्या.

पहिली वाट चोरीची. छावणीतून रायफल पळवणे ही सरहद्दीवर एक कलाच होती. रात्री शिपाई रायफल साखळीने अंगाला बांधून झोपत, तरी ती जाई. रायफल हरवणाऱ्या शिपायाला कोर्टमार्शल होई.

दुसरी वाट घरच्या कारागिरीची. पेशावर आणि कोहाटच्या मधल्या खिंडीत दर्रा आदमखेल हे गाव आहे. तिथल्या लोहारांनी पकड, कानस आणि हाताचा ड्रिल एवढ्यावर इंग्रजी रायफलींच्या हुबेहूब नकला करायला सुरुवात केली. नळी, खटका, लाकडी दस्ता तर असेच, पण मूळ बंदुकीवरचा राजमुकुटाचा शिक्काही ते कोरत. इंग्रजी न येणाऱ्या हातांनी कोरलेल्या अक्षरांत कधी एखादे अक्षर उलटे पडे, त्यावरून जाणकार ती ओळखत. पोलाद हलके असल्यामुळे अशी बंदूक फार दिवस टिकत नसे, पण स्वस्तात मिळे.

तिसरी वाट समुद्राची, आणि सर्वांत मोठी. ओमानमधले मस्कत हे बंदर १८९० नंतर बंदुकांची बाजारपेठ झाले. माल यायचा इंग्लंडातल्या बर्मिंगहॅमहून, बेल्जियममधल्या लिएजहून. मस्कतहून तो गलबतांत चढे, रात्री आखात ओलांडून मकरानच्या ओसाड किनाऱ्यावर उतरे. किनाऱ्यावर अफगाण काफिले उंट घेऊन थांबलेले असत. वाळवंटातून हेलमंद, तिथून कंदाहार, तिथून सरहद्दीचे डोंगर. प्रत्येक टप्प्यावर किंमत चढे.

इंग्रजांनी मस्कत बंदच का केले नाही? कारण १८६२ मध्ये ब्रिटन आणि फ्रान्स यांनी मस्कतच्या सुलतानाचे स्वातंत्र्य मान्य करण्याची घोषणा एकत्र केली होती. फ्रेंच व्यापारी तिथे उघडपणे बंदुका विकत आणि फ्रान्स आपल्या व्यापाऱ्यांचा हक्क सोडायला तयार नव्हता. व्यापारात इंग्रज पेढ्याही होत्या. म्हणजे बर्मिंगहॅमचा कारखानदार, लंडनचा आडत्या आणि सरहद्दीवर गोळी खाणारा शिपाई हे एकाच साम्राज्याचे होते. शेवटी १९०९-१० पासून आरमाराने आखाताची नाकेबंदी केली, १९१२ मध्ये सुलतानाने शस्त्रांसाठी परवान्याचे कोठार काढले आणि १९१४ मध्ये फ्रान्सने हात मागे घेतला.

‘द ड्रम’मध्ये यातले काहीच नाही. पेटी उघडली की बंदूक दिसते, पेटी भरणारा दिसत नाही.

५. जंगलातही तेच

याच झोल्टन कोर्डाने तीन वर्षे आधी, १९३५ मध्ये, ‘सँडर्स ऑफ द रिव्हर’ काढला होता. मूळ कथा एडगर वॉलेसच्या. डोंगराऐवजी इथे आफ्रिकेतली नदी आणि जंगल. जिल्हा अधिकारी सँडर्सने आपल्या मुलखात दारू आणि बंदुकांना बंदी केलेली असते. तो रजेवर जातो, चोरटे गोरे व्यापारी ‘सँडर्स मेला, आता कायदा उरला नाही’ अशी आवई उठवतात, बंदुका वाटतात, आणि टोळ्या एकमेकींवर उठतात. सँडर्स मशीनगन लावलेली आगबोट घेऊन परततो आणि शांतता होते.

या बंदीमागे खरा कायदा आहे. १८९० मध्ये ब्रुसेल्सला युरोपीय सत्तांनी एक करार केला. त्याचा गाजलेला हेतू गुलामांचा व्यापार थांबवणे हा होता, आणि तो हेतू खोटा नव्हता. गुलाम पकडणाऱ्या टोळ्या बंदुकांवरच जगत. पण त्याच करारात असे ठरले की आफ्रिकेत २० अंश उत्तर ते २२ अंश दक्षिण अक्षांशांच्या पट्ट्यात आधुनिक रायफली आणि काडतुसे आफ्रिकी लोकांना विकायची नाहीत. चकमकीच्या जुन्या बंदुका चालतील. तिसऱ्या विभागातला हिशेब इथे लावून पाहा: २०० गोळ्यांची बंदूक त्यांना, १,००० गोळ्यांची आपल्याला. पुढच्या वीसेक वर्षांत याच पट्ट्याचा जवळजवळ सगळा प्रदेश युरोपच्या ताब्यात गेला.

एक देश बंदुकांच्या बळावर वाचला. इथिओपियाचा राजा मेनेलिक याने मिळेल तिथून रायफली जमवल्या. त्याला बंदुका विकणाऱ्यांत कविता लिहिणे सोडून व्यापारी झालेला फ्रेंच कवी आर्थर रँबो होता. १८८७ मध्ये तो सुमारे दोन हजार जुन्या रायफली उंटांवर लादून गेला आणि सौद्यात मार खाऊन परतला. पुढे १८९६ मध्ये अडवाच्या लढाईत मेनेलिकच्या सैन्याने इटलीचा पराभव केला. साहसपटाच्या भाषेत मेनेलिकला शस्त्रे विकणारे चोरटे व्यापारी ठरतील. इथिओपियात बसून पाहणाऱ्याला ते तसे दिसणार नाहीत.

‘सँडर्स’मध्ये बोसांबो या इंग्रजनिष्ठ सरदाराचे काम पॉल रॉब्सन या थोर कृष्णवर्णीय गायकाने केले. आफ्रिकी संस्कृतीचे खरे चित्र येईल या आशेने त्याने ते घेतले होते. तयार चित्रपट साम्राज्याची आरती झालेला पाहून तो व्यथित झाला आणि त्याने पुढे तो जाहीरपणे नाकारला. स्टुडिओत उभारलेल्या खोट्या गावात सरदार म्हणून उभ्या राहिलेल्यांत लंडनमध्ये शिकणारा एक केनियन तरुण होता, जोमो केन्याटा. १९६३ मध्ये केनिया स्वतंत्र झाला तेव्हा तो पंतप्रधान होता.

६. मुंबईने काय पाहिले

‘द ड्रम’ १९३८ मध्ये मुंबईत लागला तेव्हा निदर्शने झाली, मद्रासमध्येही झाली, आणि तो पडद्यावरून उतरवावा लागला. मुंबईत तेव्हा बाळासाहेब खेरांचे काँग्रेस मंत्रिमंडळ होते. मुंबईतूनच निघणाऱ्या ‘फिल्मइंडिया’ मासिकाने अशा चित्रपटांविरुद्ध रान उठवले होते. दुसऱ्या वर्षी आलेल्या ‘गंगा दीन’वर तिथे ख्वाजा अहमद अब्बास यांनी कडाडून लिहिले.

लोक एवढे का चिडले, हे कळायला प्रेक्षकाचा अनुभव लक्षात घ्यावा लागतो. १८७८ च्या शस्त्रबंदी कायद्याने हिंदी माणसाला परवान्याशिवाय बंदूक ठेवता येत नव्हती आणि युरोपियनांना कित्येक वर्षे त्यातून सूट होती. १९०९ मध्ये सावरकरांनी लंडनहून वीस ब्राउनिंग पिस्तुले चतुर्भुज अमीन याच्याबरोबर धाडली, ती पेटीच्या चोरकप्प्यात. त्यांतल्याच एका पिस्तुलाने अनंत कान्हेरे यांनी त्या वर्षी २१ डिसेंबरला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनला मारले. सावरकरांवरच्या आरोपांत शस्त्रे धाडल्याचाही आरोप होता. हत्येबद्दल मतभेद तेव्हाही होते, आजही आहेत. पण मुंबईच्या प्रेक्षकाला ‘चोरट्या बंदुका’ ही दूरच्या डोंगरातली भानगड वाटणे शक्य नव्हते.

त्याहून मोठे कारण पेशावरचे होते. चित्रपटात सरहद्दीचा पठाण म्हणजे मेजवानीला बोलावून मशीनगन रोखणारा. २३ एप्रिल १९३० ला पेशावरच्या किस्सा ख्वानी बाजारात याच्या उलट घडले होते. खुदाई खिदमतगार या अहिंसक पठाण संघटनेच्या निःशस्त्र जमावावर सरकारी फौजेने गोळीबार केला, चिलखती गाड्या आणल्या. गढवाल रायफल्सच्या चंद्रसिंह गढवाली आणि त्यांच्या साथीदारांनी निःशस्त्रांवर गोळी झाडायला नकार दिला आणि त्यासाठी लांबलचक शिक्षा भोगल्या. सात वर्षांनी, १९३७ मध्ये, त्याच वायव्य सरहद्द प्रांताचे पंतप्रधान झाले डॉ. खानसाहेब, आणि त्यांचे धाकटे भाऊ अब्दुल गफार खान लाल सदऱ्यांतल्या त्या निःशस्त्र पठाणांचे पुढारी होते. ‘द ड्रम’ मुंबईत लागला त्या वर्षी सरहद्दीवर खरेच दोन भावांचे राज्य होते. दोघांची मते नेहमी जुळत नसत, तरी कुणी कुणाच्या जिवावर उठले नाही. त्याच वर्षी गांधीजी सरहद्दीवर दोनदा गेले आणि ऑक्टोबरमध्ये खुदाई खिदमतगारांच्या शिबिरांतून हिंडत त्यांना विचारत राहिले: हातातली बंदूक खाली ठेवलीत, पण मनातलीही ठेवलीत का?